सहा पंचावन्नचा ‘हाफ’: इंग्लंडला नाटक शिकायला निघालेल्या सोलापूरकरांसाठी

साडेसातचा प्रयोग असला की इंग्लंडमध्ये नटांना तयारीची वेळ सांगणारी ‘हाफ’ची हाक ६.५५ ला पडते. सातला नाही. नावावरून अर्धा तास वाटतो आणि नेमक्या त्या पाच मिनिटांत घात होतो, म्हणून हे गणित विमानात बसायच्या आधीच पाठ करा. तिथे हाका पडदा उघडण्याच्या वेळेपासून मोजत नाहीत. पहिल्या प्रवेशातले नट विंगेत येऊन उभे राहतात त्या वेळेपासून मोजतात. त्या हाकेला ‘बिगिनर्स’ म्हणतात आणि ती पडद्याच्या ५ मिनिटं आधी येते. म्हणजे साडेसातच्या प्रयोगाला ६.५५ ला हाफ, ७.१० ला क्वार्टर, ७.२० ला फाइव्ह आणि ७.२५ ला बिगिनर्स. हाफ पडल्यावर स्टेज मॅनेजरला सांगितल्याशिवाय इमारतीबाहेर पाऊल टाकायचं नाही. स्पर्धेच्या प्रयोगाआधी टपरीवर जाऊन पटकन एक कटिंग मारून यायची आपली सवय इथे मोडावी लागते. हाक ऐकली की ‘थँक यू’ म्हणायचं. हा शिष्टाचार आहेच, पण त्याहून जास्त ती पोच आहे. ती दिली नाही तर तुम्ही हजर नाही असं धरून कुणीतरी मजले चढून तुम्हाला शोधायला निघतं.

वर्गालाही हाच नियम. ९ चा वर्ग म्हणजे ९ ला कपडे बदललेले, बूट काढलेले, केस बांधलेले, अंग थोडं गरम केलेलं. उशिरा आलेल्याला बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत, कारण व्यायामाची लय मध्येच तुटली की बाकीच्या पंधरा जणांना पुन्हा सुरुवातीपासून लागावं लागतं. शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारायची. ‘सर’, ‘मॅडम’ म्हटल्याने कुणी रागावत नाही, पण अंतर मात्र पडतं. दिग्दर्शक तालमीनंतर सूचना द्यायला बसला की वहीत लिहून घ्यायचं आणि पुढच्या तालमीत करून दाखवायचं. ‘मी तसं केलं कारण…’ हे वाक्य तिथे गिळायला शिका. खुलासा करायचाच असेल तर नंतर एकट्याने भेटून करा.

संहितेवर हालचाली पेन्सिलीनेच लिहा, त्या रोज बदलतात. ‘स्टेज लेफ्ट’ म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची डावी बाजू, दिग्दर्शक कुठेही बसलेला असो. आणि तांत्रिक तालमीत ‘गो’ हा शब्द कारण नसताना तोंडातून काढू नका. प्रकाश आणि ध्वनीचा प्रत्येक बदल त्याच शब्दावर सुटतो. ऑपरेटरने तुमचा ‘गो’ ऐकून बटण दाबलं तर चालू प्रवेशात अंधार होतो.

आता उच्चार. यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण सोलापूरच्या मुलांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि निम्मं काम घरी बसून होण्यासारखं आहे.

आपला ‘ट’ आणि ‘ड’ मूर्धन्य, जीभ मागे वळवून टाळूला लावलेला. इंग्रजीत जिभेचं टोक सरळ ठेवून वरच्या दातांमागच्या हिरडीवर टेकवायचं असतं. आरशासमोर रोज ५ मिनिटं करा. जीभ सवयीने मागे वळेल, तेव्हा वेग कमी करा. शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’, ‘ट’, ‘क’ इंग्रजीत किंचित ‘ह’ मिसळून येतो. कागदाची पातळ पट्टी ओठांपासून दोन बोटांवर धरा आणि ‘पार्क’ म्हणा. पट्टी हलली पाहिजे. मराठी ‘प’ने ती जागची हलत नाही. मात्र ‘स’ नंतरचा ‘प’ आपल्यासारखाच कोरडा असतो, ‘स्पीक’ म्हणताना पट्टी स्थिर राहायला हवी. या दोन्हींत गल्लत झाली की समोरच्याला ‘प’चा ‘ब’ ऐकू येतो, आणि नाटकात संवाद दुसऱ्यांदा ऐकायची सोय नसते.

‘व’ची गंमत वेगळी. आपला ‘व’ इंग्रजीच्या दोन ‘व’च्या मधोमध बसतो, म्हणून दोन्हीकडे चुकतो. एकासाठी ओठांचा चंबू, दात कुठेही लागत नाहीत: ‘वाइन’. दुसऱ्यासाठी वरचे दात खालच्या ओठावर आणि हवा घासत बाहेर: ‘व्हाइन’. मराठीत आपण लिहिताना हा फरक करतो, बोलताना विसरतो. ‘थिंक’मधला ‘थ’ आपण दातांवर आपटतो. तिथे जीभ दातांच्या फटीत ठेवून हवा सलग सोडायची. ‘झू’मधला ध्वनी मधमाशीच्या गुणगुणण्यासारखा पाच सेकंद लांबवता आला पाहिजे. ‘जहाज’मधला आपला ‘ज’ लांबवता येत नाही, कारण त्याच्या सुरुवातीला हवा अडते. लांबवता येतो की नाही, हीच त्याची परीक्षा.

पण ध्वनी सुटे सुटे नीट झाले तरी बोलणं कळेलच असं नाही. खरी अडचण आघाताची आहे. मराठीत आपण अक्षरांना साधारण सारखा वेळ देतो. इंग्रजीत आघाताचं अक्षर मोठं आणि बाकीची चेपलेली. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर, आणि जोर सरकला की सोडलेल्या जागेचा स्वर मिटून जातो. ‘टू’, ‘फॉर’, ‘अँड’ हे शब्द वाक्यात जवळपास पुसटच होतात. ते पूर्ण उच्चारले की वाक्य इस्त्री केल्यासारखं सपाट वाटतं. रोज १५ मिनिटं इंग्रजी गद्य मोठ्याने वाचा, आधी पेन्सिलीने जोराच्या अक्षरांखाली रेघ मारा, मग टाळी देत वाचा.

इंग्रजी पद्य नाटकांत हे आणखी नीट कळतं. एका ओळीत १० अक्षरं, एक हलकं एक जोराचं, असं पाच वेळा. ज्यांच्या कानात मनाच्या श्लोकांचा भुजंगप्रयात लहानपणापासून आहे, लगागा लगागा लगागा लगागा, त्यांना मोजणं अवघड नाही. पण तिथेच एक खड्डा आहे. आपलं वृत्त लघु-गुरूवर, म्हणजे अक्षर किती लांब यावर चालतं, त्यांचं जोरावर. आपण वृत्त दिसलं की चालीत म्हणायला लागतो. इंग्रजी पद्यात चाल लावली की अर्थ झोपतो. आधी ओळीचा अर्थ बोला, मग ठेका शोधा, आणि ठेका जिथे मोडतो तिथे थांबून पाहा: पात्राच्या मनातलं काहीतरी तिथे मोडलेलं असतं.

सोलापूरच्या मुलांच्या पदरात एक गोष्ट आधीपासून आहे. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, बाजारात दखनी, घरात मराठी. चार भाषांचा सूर कानावर पडून वाढलेला कान नवा लहेजा लवकर पकडतो. तो आणखी एक लहेजा म्हणून शिका. आपला पुसून टाकायची गरज नाही आणि तसं करूही नये. लहेजे बदलता येणं हेच तर नटाचं काम.

आवाजाच्या वर्गाचा बराच वेळ जमिनीवर जातो. पाठीवर झोपून, गुडघे वर, पायांचे तळवे जमिनीला, डोक्याखाली एकदोन पातळ पुस्तकं. लाकडी फरशी ऑक्टोबरनंतर गार पडते. एक सोलापुरी चादर दुहेरी घडी घालून खाली अंथरायला उत्तम, पाठ घसरत नाही आणि धुवायलाही सोपी. बॅगेत दोन पुरे. पांघरायला तिथली जाड रजाईच घ्या, चादरीवर हिवाळा निघत नाही. वर्गाचे कपडे साधे काळे, छापील मजकूर नसलेले, किमान तीन जोड. वरून सहज काढता येतील असे दोन थर ठेवा. घामेजलं अंग घेऊन पाच अंशांच्या हवेत बसथांब्यावर उभं राहिलं की घसा बसतो.

घशाचा दुसरा शत्रू रेडिएटर. खोली बंद, हवा कोरडी, सकाळी आवाज फुटत नाही. रात्री रेडिएटर मंद करा, जवळ पाण्याचं भांडं ठेवा, दिवसभर घोट घोट पाणी प्या. आवाज बसला तर कुजबुजू नका, त्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. गप्प बसा. डिसेंबरात लंडनला चारच्या आधी सूर्य मावळतो आणि तुम्ही दिवसभर खिडक्या झाकलेल्या तालीमखोलीत असता. ‘ड’ जीवनसत्त्वाचे १० मायक्रोग्रॅम रोज घ्यावेत असा तिथल्या सरकारचा शरद आणि हिवाळ्यासाठी सल्ला आहे, आणि सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर विचार करावा असं तो सांगतो. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेलाच असतो, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पाउंड, तेव्हा पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. ताप आल्यावर नोंदवायला गेलं की उशीर होतो.

स्वयंपाकघर सहसा सामायिक आणि शेगड्या विजेच्या. इंडक्शनवर बिडाचा किंवा लोखंडी तवा चालतो, साधं ॲल्युमिनियम चालत नाही. भाकरी आचेवर फुगवता येत नाही. तव्यावरच स्वच्छ फडक्याने कडा दाबत फुगवायची. हे घरी आईकडून चार वेळा करून घ्या. मिरचीच्या फोडणीने धुराची घंटा वाजते आणि रात्री अकराला सगळी इमारत रस्त्यावर उभी राहते. पंखा आधी सुरू करा, तेल कमी तापवा, मिरची टाकताच झाकण ठेवा. खरा आधार कडक भाकरीचा. डब्यात आठवडे टिकते, ना शेगडी लागते ना वेळ. ज्वारीचं पीठ लेस्टर, वेम्बली, साउथॉल इथल्या भारतीय दुकानांत मिळतं. तूप, पेढे, खवा मात्र सामानात घालू नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे.

शेंगाचटणीबद्दल एक कळकळीची सूचना. शेंगदाण्याची ॲलर्जी तिथे गांभीर्याने घेतात, आणि ती जीवघेणी ठरू शकते. बरोबर राहणाऱ्यांना पहिल्याच दिवशी विचारा. बरणी घट्ट झाकणाची, चमचा वेगळा, आणि जेवणानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय तालमीत जाऊ नका. हालचालींच्या वर्गात तुमचे हात दुसऱ्याच्या हातावर, चेहऱ्यावर असतात. स्पर्श करण्याआधी विचारायची पद्धत आहेच, त्यात हेही सांगून टाका.

कामाचा नियम नाट्यविद्यार्थ्यांना इतरांपेक्षा जास्त टोचतो. विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते. आठवडा सोमवार ते रविवार धरतात. एका आठवड्यात २६ आणि पुढच्यात १४ असं सरासरीचं गणित चालत नाही. आणि पैसे घेऊन नट म्हणून काम करता येत नाही. स्वयंरोजगारालाही मनाई. मित्राच्या लघुपटात मानधन घेऊन छोटी भूमिका, लग्नसमारंभात बिल देऊन नाच बसवणं, हे सगळं त्यात येतं. पदवी स्तरावरच्या नाट्य अभ्यासक्रमाचा अविभाज्य आणि गुण मिळणारा भाग असलेली कामाची नेमणूक तेवढी वेगळी, आणि ती संस्थेच्या लेखी संमतीनेच घ्या. नाट्यगृहात प्रेक्षकांना जागेवर बसवण्याची नोकरी मात्र चालते, आणि मला ती सगळ्यात चांगली वाटते. एकच प्रयोग वीस वेळा पाहिला की कुठला विराम रोज टाळी घेतो आणि कुठला एखाद्याच दिवशी, ते दिसायला लागतं. अभिनयाची कमाई शिक्षण संपल्यावर, ग्रॅज्युएट व्हिसावर. तिथे स्वयंरोजगार चालतो. रंगमंचावरचं नाव तोवर ठरवून ठेवा, कारण नटांची संघटना इक्विटी एकाच नावाचे दोन सभासद ठेवत नाही.

नाटकं पाहायला पैसे पुरतात, फक्त पाय शाबूत हवेत. लंडनला १९९७ पासून सुरू असलेल्या ग्लोब या शेक्सपिअरच्या नाटकांच्या नाट्यगृहात अंगणात उभं राहून पाहण्याची तिकिटं ५ पाउंडांपासून आहेत. वर छप्पर नाही, छत्री उघडायला बंदी, खाली बसायलाही बंदी, आणि प्रयोग अडीच-तीन तासांचा. टोपीचा रेनकोट आणि जाड तळाचे बूट घालून जा. बाकी ठिकाणी त्याच दिवशीची तिकिटं आणि लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधली टीकेटीएस ही सवलतीच्या तिकिटांची खिडकी पाहा. इतर शहरांत जायचं तर १६ ते २५ वयोगटाचं रेल्वे कार्ड तिकिटाचा एक तृतीयांश वाचवतं.

घरी फोन कधी करायचा तेही आधीच ठरवा. हिवाळ्यात आपण साडेपाच तास पुढे, उन्हाळ्यात साडेचार. तालीम संध्याकाळी ६ ला सुटली तर हिवाळ्यात सोलापुरात रात्रीचे ११.३० झालेले असतात आणि घर झोपलेलं. सकाळी ८ ला बसमधून केला तर इकडे दुपारचे १.३०, जेवणं नुकती उरकलेली. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. मार्चनंतर तोच सकाळचा ८ चा फोन इकडे १२.३० ला वाजतो, तव्यावर भाकरी असताना, तेव्हा आईला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.