आमची वाटचाल: रीडमीपासून चालत्या उदाहरणांपर्यंत

नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) लिहिलेले वेब सर्व्हर टेस्ट करायची लायब्ररी, हे आमच्या छोट्या फर्मचं मुख्य काम. सुरुवातीला डॉक्युमेंटेशन म्हणजे एक रीडमी (लायब्ररीची ओळख देणारी फाइल) आणि कोडमधल्या कॉमेंट्सवरून आपोआप निघणारी फंक्शनची यादी. यादी अचूक होती, पण सपोर्टला येणारे प्रश्न फंक्शनबद्दल नसायचेच. सर्व्हर सुरू कुठे करायचा आणि बंद कसा करायचा, इथेच गाडी अडायची. म्हणून नव्याने लिहिताना पहिलं पान पोर्टचं, म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकावर कनेक्शन घेतो त्याचं, केलं.

जुन्या उदाहरणात ३००० हा पोर्ट ठोकून दिलेला होता. एकच टेस्ट फाइल चालवली तर ठीक. पण टेस्ट रनर (टेस्ट चालवणारं टूल) बऱ्याच फाइली एकाच वेळी चालवतो आणि दुसरी फाइल ‘पोर्ट आधीच वापरात आहे’ म्हणून आपटते. पोर्ट ० दिला की ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच मोकळा पोर्ट देते. सर्व्हर लिसन करायला (कनेक्शन घ्यायला) लागल्यावरच त्याला नंबर विचारायचा. आधी विचारलात तर नल, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळतं. त्यासाठी अ‍ॅप तयार करणारी फाइल आणि लिसन करणारी फाइल वेगळी हवी. ही गोष्ट आम्ही शेवटच्या टिपेत टाकली होती, म्हणजे जवळजवळ लपवलीच होती.

पत्त्याचंही तसंच. २०२१ मध्ये आलेल्या नोड १७ पासून ‘लोकलहोस्ट’चा (स्वतःच्याच कॉम्प्युटरच्या नावाचा) अर्थ आधी नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६चा पत्ता असा लागू शकतो. सर्व्हर जुन्या, आयपीव्ही४च्या १२७.०.०.१ या पत्त्यावर आणि रिक्वेस्ट भलतीकडे, की कनेक्शन नाकारलं जातं. आता सगळ्या उदाहरणांत दोन्हीकडे आकडी पत्ताच आहे.

टेस्ट संपूनही प्रोसेस लटकते, यावर सर्वांत मोठं पान झालं. क्लोज म्हटलं की नवी कनेक्शनं थांबतात, चालू असलेली तुटत नाहीत. जुन्या नोडमध्ये रिकामं कीप-अलाइव्ह (पुढच्या रिक्वेस्टसाठी उघडं ठेवलेलं) कनेक्शनसुद्धा सर्व्हरला धरून ठेवायचं. नोड १९ पासून क्लोज ती रिकामी कनेक्शनं स्वतः मिटवतं. १८.२ मध्ये सगळी कनेक्शनं एकदम तोडायची सोय आली. तरीही लटकलं, तर बहुधा डेटाबेसचा पूल (तयार कनेक्शनांचा साठा) उघडा असतो. जबरदस्तीने एक्झिट करायचा पर्याय वापरू नका, असं आम्ही स्पष्ट लिहिलंय. त्याने गळती झाकली जाते, बुजत नाही.

अवेट (उत्तर येईपर्यंत थांबायला सांगणारा शब्द) विसरण्याबद्दल नुसतं बजावून भागत नाही. म्हणून एक प्रयोग दिलाय: २०० (सगळं ठीक) या उत्तर-कोडच्या जागी ५०० (सर्व्हरची चूक) अपेक्षित लिहा आणि टेस्ट चालवा. तरीही हिरवी, म्हणजे पास, दिसली, तर उत्तर येण्याआधीच टेस्ट संपते आहे.

प्रत्येक उदाहरण आता इम्पोर्टच्या ओळींसकट पूर्ण असतं. बिल्डमध्ये (रिलीजआधीच्या आपोआप तपासणीत) मार्कडाउनमधला, म्हणजे डॉक्युमेंटेशनच्या मूळ मजकुरातला, प्रत्येक कोड-तुकडा स्वतंत्र फाइल म्हणून निघतो आणि सपोर्ट असलेल्या प्रत्येक नोड व्हर्जनवर चालतो. एक जरी पडला, तर रिलीज थांबतं. तारीख आणि पोर्ट दर वेळी बदलतात, म्हणून आउटपुटची तुलना करताना ते झाकावे लागतात. आणि सेटअपच्या ओळी पानावर लपवायच्या नाहीत; लपवल्या तर बिल्ड हिरवा आणि कॉपी करणाऱ्याचा कोड लाल.

अडचणींच्या पानांना मथळा म्हणून एररचा मजकूर जसाच्या तसा दिलाय, कारण लोक तोच सर्चमध्ये पेस्ट करतात. ‘टाइमआउट वाढवा’ हा जुना सल्ला मात्र काढून टाकला. जेस्ट या टेस्ट रनरची मर्यादा मुळात ५ सेकंदांची आहे; स्थानिक सर्व्हरला तेवढ्यात उत्तर जमत नसेल, तर आधी रूटच्या हँडलरमध्ये (त्या पत्त्यावरची रिक्वेस्ट हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये) रिस्पॉन्स पाठवणारी ओळ आहे का ते बघा.