शस्त्रक्रियेपूर्वीची हिपॅटायटिस ‘सी’ची तपासणी : माझा अनुभव

पित्ताशयातील खडे काढण्यासाठी कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयात माझ्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, तेव्हा त्यांत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी (यकृताला सूज आणणारे विषाणूजन्य आजार) यांचाही समावेश असल्याचे मला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी, बाकावर दहा-बारा माणसे बसलेली असताना, “तुमचा एचसीव्ही पॉझिटिव्ह आलाय, ऑपरेशन पुढं जाणार,” असे काउंटरवरून मोठ्याने सांगण्यात आले. एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस ‘सी’चा विषाणू. ही गोष्ट मला आजही सलते.

त्या रात्री मी माझे ताट-वाटी वेगळे ठेवले. सासूबाईंनी ते पाहिले आणि एक शब्दही न बोलता दोन्ही उचलून पुन्हा मांडणीत सगळ्यांच्या भांड्यांत लावले.

पोटविकारतज्ज्ञांनी आधी विचारले, “पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का?” १९९६ मध्ये, थोरल्या मुलाच्या वेळी, दोन बाटल्या चढवल्या होत्या, रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. जेवणातून किंवा स्पर्शातून हा आजार पसरत नाही, तो रक्तातून पसरतो, हे त्यांनी घरच्यांसमोर समजावले. रुग्णालयात झालेली कार्डवरची झटपट चाचणी केवळ प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, दाखवते. काही जणांच्या शरीरातून विषाणू आपोआप निघून गेलेला असतो, म्हणून तो रक्तात आहे की नाही हे विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या आरएनए चाचणीनेच ठरते. माझ्या रक्तात तो होता. खड्यांचा त्रास अधूनमधूनच होत असल्याने थांबणे शक्य होते. शस्त्रक्रिया तातडीची असती, तर प्रत्येक रुग्णासाठी घ्यावयाची दक्षता घेऊन ती तेव्हाच करता आली असती, असेही ते म्हणाले.

सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या रोज एकदा, बारा आठवडे. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे त्या मला सरकारी केंद्रातून मोफत मिळाल्या. गोळ्या संपल्यावर आणखी बारा आठवड्यांनी केलेल्या आरएनए चाचणीत विषाणू आढळला नाही.

शस्त्रक्रियेआधी पुन्हा कार्ड लावले आणि पुन्हा दोन रेघा, म्हणजे पॉझिटिव्ह, उमटल्या. बरे झाल्यावरही प्रतिपिंडे रक्तात राहतात, हे मला ठाऊक होते. तरी ती दुसरी गुलाबी रेघ पाहताना हात गार पडले. मी पिशवीतून आरएनएचा अहवाल काढून दिला. सर्जनांनी तो वाचून भूलतज्ज्ञांकडे दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठची वेळ लिहिली.