कंटाळा, वीट आणि आमच्याकडचे ‘बेजार’

‘कंटाळा’ या शब्दाचा अर्थ कोणत्याही मराठी माणसाला विचारावा लागत नाही. मात्र त्याच्यापुढे कोणते क्रियापद येते यावर तो अर्थ किती बदलतो, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ‘मला अभ्यासाचा कंटाळा आला’ या वाक्यात कंटाळा आपणहून येतो आणि बोलणाऱ्याकडे त्याचा दोष जात नाही. ‘तो अभ्यासाचा कंटाळा करतो’ असे म्हटले की तोच कंटाळा आळस ठरतो. म्हणूनच आई मुलाला ‘कंटाळा करू नकोस’ असे बजावू शकते. जे आपणहून येते, त्याला मनाई कशी करणार?

‘कंटाळणे’ हे क्रियापद याहून जड आहे. रविवारी दुपारी घटकाभर कंटाळा येतो आणि चहा झाला की जातोही, परंतु ‘मी या पावसाला कंटाळलो’ असे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला माणूस जुलैच्या अखेरीस म्हणतो, तेव्हा त्यामागे कित्येक दिवसांचे न वाळलेले कपडे आणि चिखलाच्या वाटा असतात. ‘आजारपणाला कंटाळून’ हे वर्तमानपत्री शब्द तर करमणुकीच्या अभावापासून फारच दूर गेलेले आहेत.

‘वीट’ मात्र वेगळा. जे एके काळी आवडत होते त्याचा अतिरेक झाला की वीट येतो. बेळगावचा कुंदा रोज सकाळ-संध्याकाळ पानात पडू लागला, तर त्याचा वीट येईल. कंटाळा हा शब्द तिथे फिका वाटेल. (बांधकामाची वीट ‘येते’ आणि मनाचा वीट ‘येतो’, एवढ्या लिंगभेदावर दोन्ही शब्द सुखाने नांदतात.)

आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात या कुटुंबात आणखी एक सदस्य आहे, तो म्हणजे ‘बेजार’. मूळ शब्द फारसी. पुण्याकडे तो विशेषण म्हणून वापरतात: माणूस गुडघेदुखीने बेजार होतो, महागाईने बेजार होतो, म्हणजे पार हैराण होतो. कन्नडमध्ये मात्र ‘बेजारु’ हे नाम झाले आणि त्याचा अर्थही पसरला. कंटाळा म्हणजे बेजारु, उदास वाटणे म्हणजे बेजारु, आणि कोणाच्या बोलण्याने मन दुखावले तर तेही बेजारुच. ‘बेजार माडकोबेडी’ म्हणजे ‘वाईट वाटून घेऊ नका’. आमच्याकडच्या मराठीने हे सगळे अर्थ कन्नड शेजाऱ्याकडून उचलले, त्यामुळे ‘मला बेजार आलंय’ असे येथे ऐकू येते आणि ‘बेजार करून घेऊ नका’ हेही. पुण्याहून नव्याने आलेल्या पाहुण्याला हे दुसरे वाक्य चमत्कारिक वाटते, कारण आपण हैराण कुठे झालो आहोत, हे त्याला समजत नाही.

ही देवघेव इतकी सहज झाली, याचे एक कारण मला व्याकरणात दिसते. कन्नडमध्येही ‘ननगे बेजारु’ म्हणजे ‘मला बेजार’ अशीच रचना आहे. भावना ज्याला होते तो कर्ता नसतो, चतुर्थी विभक्तीत असतो. साचा तोच राहिला, त्यात शब्द तेवढा बदलला. इंग्रजीतून आलेल्या ‘बोअर’लाही आपण याच साच्यात बसवले आणि ‘मला बोअर होतंय’ म्हणू लागलो. हा शब्द मला तोकडा वाटतो. बोअर झालेला माणूस मोबाईल काढतो आणि विषय संपतो, बेजार झालेल्याची मात्र कोणीतरी विचारपूस करावी लागते.

‘करमत नाही’ हा प्रयोग मात्र मी या सर्वांपेक्षा वर ठेवतो. नोकरीसाठी पुण्याला गेलेला निपाणीचा मुलगा फोनवर ‘इथं करमत नाही’ म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे काम भरपूर असते, मित्रही असतात. उणीव असते ती घराची, गल्लीची, ओळखीच्या बोलीची. ‘कंटाळा आला’ असे तो म्हणाला असता, तर घरच्यांनी त्याला सिनेमाला जायला सांगितले असते. ‘करमत नाही’ म्हटल्यावर पुढच्या शनिवारी घरी ये, असेच सांगतात.