पाणी मागता येत नाही, मग आरती कशी येते?

"बाबांना साधं 'पाणी' म्हणता येत नाही, पण आरती सुरू झाली की एक शब्द चुकत नाही. मुद्दाम करतात का हो?"

स्पीच थेरपिस्ट म्हणून हा प्रश्न मी कितीतरी घरांतून ऐकलाय. बहुतेक जण तो पेशंटला आत बसवून, बाहेर पॅसेजमध्ये, आवाज खाली आणून विचारतात. तुम्हीही तसाच विचारलात. म्हणून आधी उत्तर देते: नाही. सोंग नाही, हट्ट नाही, तुमच्यावरचा राग तर नाहीच.

उजव्या हाताने कामं करणाऱ्या 100 माणसांपैकी सुमारे 95 जणांची भाषा मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूला असते. डावखुऱ्यांचं उलटं असेल असं वाटतं, पण त्यांच्यातही 70 टक्क्यांच्या आसपास लोकांची भाषा डावीकडेच सापडते. शरीराची उजवी बाजूही डावाच मेंदू चालवतो, आणि या दोन्ही भागांना रक्त पुरवणारी मोठी रक्तवाहिनी एकच. तिच्यात गुठळी अडकली की उजवा हात, उजवा पाय आणि वाचा एकदमच जाते. बाबांचं हेच झालं.

1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे लबोर्न्य नावाचा रुग्ण आला. कितीतरी वर्षं तो फक्त 'तां' एवढंच बोलत होता. समोरच्याला कळलं नाही की मात्र चिडून एक शिवी स्पष्ट हासडायचा! काही दिवसांतच तो वारला. ब्रोकांनी त्याचा मेंदू पाहिला, तर डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला. त्याच्याही आधी, 1745 मध्ये, ओलोफ डालिन यांनी स्वीडनमधल्या एका माणसाबद्दल लिहून ठेवलंय: वाचा गेलेली, पण चर्चमधली स्तोत्रं गाता यायची. म्हणजे तुमचा प्रश्न पावणेतीनशे वर्षांचा आहे.

'मला पाणी दे' म्हणताना शब्द शोधावे लागतात, जुळवावे लागतात, वाक्य दर वेळी नवं घडवावं लागतं. आरती घडवावी लागत नाही. लहानपणापासून म्हणून म्हणून तिची साखळी झालेली असते. एक कडी ओढली की पुढची येते. शिवाय सुराच्या कामात उजव्या मेंदूचा मोठा वाटा असतो, आणि बाबांचा उजवा मेंदू शाबूत आहे. म्हणून आरती येते, एक ते दहा आकडे येतात, शिवीही येते.

माझ्या आजोबांना हे सांगणारं कोणी नव्हतं. ते भजनी मंडळातले. वाचा गेल्यावरही एकादशीला सगळ्यांबरोबर अभंग म्हणायचे आणि घरातली मोठी माणसं म्हणायची, "बघा, मनात असलं की येतं बोलायला." ते ऐकून आजोबा मान फिरवून घ्यायचे. मी सात-आठ वर्षांची होते, पण ती फिरवलेली मान मला आजही दिसते. या कामात मी आले ती त्यांच्यामुळे.

यावर तुमच्या सूनबाईंनी विचारलं, "पण सगळं एकाच बाजूला ठेवलंयच का? दोन्हीकडे थोडंथोडं असतं तर?" याचं उत्तर मला कोंबडीच्या पिल्लात सापडतं. अंड्यातल्या शेवटच्या दिवसांत पिल्लाची मान अशी वळलेली असते की डावा डोळा अंगाखाली झाकला जातो आणि उजवा कवचाकडे राहतो. खुडूक कोंबडी चरायला उठली की कवचातून उजेड झिरपतो, तो त्या उजव्या डोळ्याला. पक्ष्यांत उजव्या डोळ्याचं दिसणं डाव्या मेंदूकडे जातं. बाहेर आल्यावर पिल्लू उजव्या डोळ्याने खड्यांतून दाणे वेचतं, आणि डाव्या डोळ्याने वर घार आहे का ते पाहतं. ऑस्ट्रेलियातल्या लेस्ली रॉजर्स यांनी आयुष्यभर यावर काम केलं. 2004 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अंधारात उबवलेल्या, अशी वाटणी नीट न झालेल्या पिल्लांना ही दोन्ही कामं एकाच वेळी जड जातात. दाणा आणि घार एकदम सांभाळायची, तर मेंदूला कामं वाटून घ्यावी लागतात.

गाणाऱ्या पक्ष्यांत तर आपल्या वाचेसारखंच दिसतं. फर्नांडो नॉटेबोम यांनी 1970च्या दशकात कॅनरीच्या स्वरयंत्राकडे जाणारी डावी नस कापली, तेव्हा गाण्याचा बहुतेक भाग गेला. उजवी कापली तर फारच थोडा. वाटणीचा फायदा रोजचा असतो; किंमत घाव त्या बाजूला बसला तरच कळते.

आता बाबांसाठी. 1973 पासून एक पद्धत वापरात आहे: छोटं वाक्य दोन सुरांत, एक वर, एक खाली, असं गुणगुणायचं आणि प्रत्येक अक्षराला पेशंटच्या डाव्या हाताने मांडीवर ताल धरायचा. 'पा-णी'. 'च-हा द्या'. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, आणि येतो तेव्हाही आठवडे-महिने लागतात. संध्याकाळी आरती झाली की लगेच, सूर अंगात असतानाच, दहा मिनिटं करा. शब्द तुम्ही पुरा करू नका; थांबा.

आणि पुढचा प्रश्न पॅसेजमध्ये नको, आत या, बाबांच्या समोर विचारा. त्यांना बोलता येत नसलं तरी आपलं बरंचसं कळतं. मी तपासलंय.