पुढच्या वर्षीचं कार्ड

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घाईघाईत नागपूरला आले, तेव्हा पर्समध्ये राहून गेलेलं एक कार्डही माझ्याबरोबर आलं. ओहायोतल्या आमच्या चर्चचं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारपर्यंत भरून द्यायचं होतं. आईला ते जेवणाच्या टेबलावर दिसलं. एका डोळ्यावर पट्टी, तरी दुसऱ्या डोळ्यानं ते मोठ्यानं वाचायला घेतलं. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत झाली तिची, मनातल्या मनात वाचणं तिला जमतच नाही. इंग्रजी मजकूर मराठीत करत करत ती वाचत होती, "पुढच्या वर्षी मी चर्चच्या कामासाठी इतके इतके डॉलर देईन. दर आठवड्याला, दर महिन्याला किंवा एकदम. खाली सही." मग कार्ड खाली ठेवून म्हणाली, "हे काय गं, देवाला पुढच्या तारखेचा चेक देऊन राहिली?"

मामा समोर संत्रं सोलत बसले होते. आमच्या इथल्या चर्चचे ते कितीतरी वर्षं खजिनदार होते, त्यामुळे त्यांना हसू आलं नाही. "चांगलं आहे की," म्हणाले. "आमच्याकडे डिसेंबर उजाडला तरी समजत नाही, मार्चपर्यंत पाळकसाहेबांचा पगार कुठून काढायचा."

तर हे कार्ड म्हणजे काय, ते आधी सांगते. तिकडे याला प्लेज, म्हणजे वचन, म्हणतात. सप्टेंबर संपला की चर्चमध्ये या मोहिमेचे दिवस सुरू होतात. दर रविवारी उपासनेनंतर कुणीतरी सभासद उठून दोन मिनिटं बोलतो, आपण का देतो ते सांगतो. घरी पत्र येतं, त्यात चालू वर्षाचा जमाखर्च असतो. पाळकांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, पगार, विमा, ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचं मानधन, बर्फ उपसणाऱ्याचे पैसे आणि हिवाळ्यातलं हीटिंगचं बिल, जे पाहून मला दर वर्षी धडकी भरते. मग ठरलेल्या रविवारी सगळी कार्डं वेदीसमोर ठेवून त्यांवर प्रार्थना होते. या आकड्यांची बेरीज हाताशी धरून व्हेस्ट्री, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारी आपल्याकडची पास्टोरेट कमिटी, पुढच्या वर्षाचं बजेट बसवते. आकडा कर्जासारखा मानगुटीवर बसत नाही. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तर खजिनदाराला कळवायचं आणि आकडा खाली आणायचा. कोण किती लिहितं ते बहुतेक चर्चमध्ये फार थोड्यांना ठाऊक असतं. काही ठिकाणी पाळकांनाही दाखवत नाहीत. आपल्याकडे वेदीवरून नावासकट आकडे ऐकत वाढलेल्या मला हे फार दिवस चोरटं वाटायचं.

मला पहिलं कार्ड मिळालं 2011 मध्ये. आम्ही एपिस्कोपल चर्चला जायला लागलो त्याचं कारण साधं होतं. तिथली उपासना मला ओळखीची वाटली. 29 नोव्हेंबर 1970 ला सहा चर्चेस एकत्र येऊन आमची सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, जन्माला आली ती नागपुरातच, आणि त्या सहांपैकी एक अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं, होतं. सीएनआय आणि एपिस्कोपल, दोन्ही अँग्लिकन कम्युनियन या जगभरच्या चर्चपरिवारातली, चुलत भावंडं म्हणा. पापकबुली कुठे येणार, उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे, हे मला भाषा बदलली तरी ठाऊक होतं. कार्ड मात्र ठाऊक नव्हतं.

मी ते भरलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. नवऱ्याला वाटलं मी चिकटपणा करतेय. दानाच्या थैलीत तर मी दर रविवारी टाकत होते, कधी वीस डॉलर, कधी चाळीस. अडचण पैशाची नव्हतीच. तेव्हा मी एच-1बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर होते. तो व्हिसा एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा, एरवी सहा वर्षांची मर्यादा, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांचा नंबर कधी लागेल ते कुणी सांगू शकत नाही. पुढे 2017 पासून नोकरी सुटली तर 60 दिवसांपर्यंतची सवड मिळायला लागली, आधी तीही नव्हती. त्या काळात आम्ही सोफा घेतला नाही, झाडं लावली नाहीत, मुलीला पियानोच्या क्लासची वर्षाची फी एकदम भरली नाही. अशा घरात एक कार्ड येतं आणि विचारतं, पुढच्या वर्षी किती देशील? मला त्यात 'किती' दिसतच नव्हतं. पुढच्या वर्षी इथे असशील का, एवढंच दिसायचं. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि खोटी सही करवत नव्हती.

तिसऱ्या वर्षी तिथल्या खजिनदारबाईंनी कॉफीच्या वेळी विचारलं. निवृत्त नर्स, सत्तरीच्या पुढच्या. मी व्हिसाचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मी तरी पुढच्या वर्षी असेन याची खात्री कुणी दिलीय?" आणि कार्डावर दर आठवड्याला पाच डॉलर लिहायला लावले. वर्षाचे 260. रक्कम क्षुल्लक होती. पण त्या जानेवारीत पार्किंगमधला बर्फ उपसला गेला नाही तेव्हा मी पहिल्यांदा चिडून कमिटीतल्या माणसाला फोन केला. त्याआधी मला त्या बर्फाचं काही वाटायचं नाही. घसरत आत जायचे आणि घसरत बाहेर यायचे.

ही पद्धत अमेरिकेत आली कुठून, तेही मजेशीर आहे. सुरुवातीला तिथल्या काही वसाहतींत चर्चसाठी चक्क कर घेत. मॅसॅच्युसेट्सनं तो 1833 मध्ये, सगळ्यांत शेवटी, बंद केला. मग पैसा उभा करायचा कसा? 19व्या शतकात बऱ्याच चर्चमध्ये बाकं भाड्यानं देत. पुढचं बाक महाग, मागचं स्वस्त, गरिबाला कोपऱ्यातलं फुकट. त्याची पुढे लाज वाटू लागली आणि बाकभाडं मागे पडून वर्षाचं वचन आणि आठवड्याची पाकिटं आली. सरकारनं द्यायचं नाही आणि बाक विकायचं नाही, म्हणून लोकांनी आधीच सांगायचं.

हे मी मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "आमचं उलटं झालं." नागपुरात 1845 मध्ये मिशनरी स्टीफन हिस्लॉप आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडून. त्या मिशनच्या कामामागे पैसा लागला तो तिकडच्या चर्चमधल्या लोकांचा. म्हणजे तेव्हाही कुणीतरी दूर थंडीत बसून पुढच्या वर्षाचं काहीतरी कबूल करत होतंच, फक्त ते आमच्यासाठी होतं. "आपल्या लोकांच्या तोंडी 'मिशन देईल' हे इतकं बसलं," मामा म्हणाले, "की मिशन गेलं तरी ते गेलं नाही. छत गळलं की लोक अजून वर पाहतात. छताकडं नाही, बिशपाकडं."

मामा जरा जास्तच कडक बोलतात. आपल्याकडे देणं कमी नव्हतं, त्याची रीत वेगळी होती. कापणीच्या सणाला वेदीपुढे भोपळे, तांदळाच्या पिशव्या, संत्र्यांच्या टोपल्या, पाय बांधलेली एक कोंबडी. उपासना संपली की अंगणात लिलाव. माझ्या लहानपणी एका लिंबाची बोली शंभर रुपयांवर गेलेली मी पाहिली आहे. घेणाऱ्यानं ते लिंबू पुन्हा लिलावाला दिलं, दुसऱ्यानं घेतलं, त्यानंही परत दिलं. एकच लिंबू दुपारभर विकत होते! वाढदिवसाचं, पास झाल्याचं, दवाखान्यातून घरी आल्याचं उपकारस्तुतीचं दान वेगळं. हे सगळं झाल्यावरचं देणं. देवानं दिलं, मग आम्ही दिलं. आईला कार्डात खटकत होतं ते हेच. अजून पीक हाती आलं नाही आणि तू दशांश, देवाचा दहावा वाटा, लिहून देऊन राहिली.

"पण आई, तुझी आजी रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ डब्यात काढून ठेवायची ना?"

"ते तांदूळ घरात होते."

यावर मला काही सुचलं नाही.

मामांना रस होता तो कराच्या बाजूत. कार्डावरच्या आकड्याला सवलत नाही, प्रत्यक्ष दिलेल्या पैशाला आहे. एका वेळी 250 डॉलर किंवा जास्त दिले तर चर्चचं लेखी पत्र लागतं आणि त्यात लिहिलेलं असतं की या रकमेच्या बदल्यात आध्यात्मिक लाभाखेरीज काही दिलेलं नाही. मामांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं. आपल्याकडे एकाच धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत सहसा मिळत नाही, त्यामुळे असली पत्रं लिहिण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

ग्रीन कार्ड आलं, पाच वर्षं गेली आणि दोन वर्षांपूर्वी मी अमेरिकेची नागरिक झाले. त्या नोव्हेंबरात कार्डावर पहिल्यांदा न थांबता आकडा लिहिला. आणि त्याच महिन्यात, दर वर्षीप्रमाणे, कापणीच्या सणासाठी नागपूरला दहा हजार रुपये पाठवले. मामांनी ते परत केले.

मी रागावले, भांडले. मामा फोनवर शांतपणे समजावत राहिले. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता तोवर माझ्या पगारातले, बँकेतून आलेले पैसे हे आपल्याच माणसाचे पैसे होते. परदेशी नागरिक झाल्यावर, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, माझी देणगी एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली परदेशी देणगी. ती घ्यायला संस्थेची नोंदणी किंवा आधी काढलेली परवानगी हवी, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. आमच्या चर्चकडे यातलं काहीच नाही. "तू पाच रुपये दिले तरी ते अमेरिकेचे," मामा म्हणाले. नातेवाइकांना पाठवायला आडकाठी नाही, पण आईच्या खात्यातून वळवून ते चर्चला द्यायचे, ही माझी युक्ती त्यांनी ऐकून घेण्याआधीच मोडून काढली. खजिनदार होते ना ते.

तिकडे इतकी वर्षं 'असशील का' म्हणून अडून बसले होते. अखेर हो म्हणता आलं, तर इकडची वही मिटली. मी नियमाला दोष देत नाही, सही मीच केली होती. पण त्या दिवशी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बराच वेळ रडले, हे इथे लिहून टाकते.

शनिवारी रात्री आईच्याच पेननं कार्ड भरलं आणि फोटो काढून ओहायोला पाठवला. आकडा मी तिला सांगितला नाही, तिनं विचारलाही नाही. फक्त म्हणाली, "मागच्यापेक्षा कमी नको लिहू."

रविवारी तिला हात धरून चर्चला नेलं. दानाचं गीत सुरू झालं आणि लाल मखमली थैली आमच्या रांगेत आली. पलीकडच्या बाकावरून मामा माझ्याकडेच पाहत होते, आता खजिनदार नसले तरी. मी थैली रिकाम्या हातानं धरून आईपुढे केली. तिनं रुमालाची गाठ सोडली, चाचपडत एक नोट टाकली. मी थैली पुढे सरकवायला लागले तर तिनं माझं मनगट धरलं आणि आणखी एक टाकली.