बारा इंची कानस

त्या टिप्पणीखाली सही माझी होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. टिप्पणी इंग्रजीत होती, अर्थ एवढाच : या नावाच्या संस्थेची किंवा या प्रशिक्षणार्थ्याची नोंद आमच्या उपलब्ध अभिलेखांत आढळत नाही. एका सरकारी खात्यानं त्यांच्याकडच्या मेकॅनिकचा १९७८ सालचा दाखला खरा की खोटा, हे विचारलं होतं. पत्र फिरत फिरत माझ्या टेबलावर आलं. मी गोव्यातल्या एका तंत्रनिकेतनाचा स्टोअरकीपर. जुन्या कागदांची खोली स्टोअरच्या पाठीमागे असल्यामुळे 'रेकॉर्ड' म्हटलं की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. मी लोखंडी कपाट उघडलं. त्यातली सर्वांत जुनी रजिस्टरं पदविका सुरू झाल्यापासूनची. त्याआधीचं काही दिसलं नाही, म्हणून लिहून दिलं. दहा मिनिटांत फाइल पुढे.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, २०१९ च्या जुलैत, भर पावसात तो मेकॅनिक स्वतःच आला. पाय धुतल्यासारखे ओले, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल, छत्री दाराबाहेर नीट मिटून ठेवलेली. ह्या वयाचे कारागीर लोक छत्रीसुद्धा हत्यारासारखी ठेवतात. महिनाअखेर निवृत्ती. मधल्या काळात बारा दिवस. नोकरीला लागताना दाखल्याची पडताळणी व्हायची राहून गेली होती, ते चाळीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही आणि पेन्शनचे कागद बांधताना आलं. आमचं 'नोंद आढळत नाही' तिकडे पोचल्यावर त्यांच्या साहेबानं त्यांना बोलावून विचारलं होतं, हा दाखला कुठून आणला?

हेडक्लार्क बाईंनी दाखला हातात घेतला, नाव वाचलं आणि सरळ सांगितलं, "हे आमचं नाव नव्हे. तुम्ही आयटीआयवाल्यांकडे विचारा."

"तिथूनच आलो. ते म्हणतात, ती शाळा तुमच्या आवारात होती, आमच्याकडे नाही."

"आमच्याकडेही नाही. तसं लेखी दिलंय आम्ही."

ते क्षणभर गप्प राहिले. मग कोकणीत म्हणाले, "मागीर हांव खंय शिकलों, बाय?"

मग मी शिकलो कुठे, याचं बाईंकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, पण मान खाली घालायला निमित्त हवं म्हणून मी दाखला हातात घेतला. वर छापलं होतं 'गव्हर्नमेंट ऑफ गोवा, दमण अँड दीव'. म्हणजे ज्या सरकारनं तो दिला, तेही आता नाही. १९८७ च्या ३० मे रोजी गोवा राज्य झालं, दमण-दीव बाजूला राहिले. पण त्या सरकारची नोंद आढळत नाही, असं कुणी लिहून देत नाही. त्या काळातले जमिनीचे कागद, जन्माचे दाखले, सगळं चालतं. अडला तो एका शाळेच्या नावावर.

ते खिडकीशी गेले होते. "तो फणस आहे ना, त्याच्या खाली भट्टी होती. भाता ओढायला आम्ही पाळीपाळीनं असायचो. ऐरण त्या कोपऱ्यात."

फणसाखाली आता दुचाक्यांचं पार्किंग आहे. आणि कोपऱ्यात ऐरण आहे. अजून आहे. पार्किंग केलं तेव्हा तिला हलवायला चार माणसं लागली असती आणि चार माणसांची मजुरी कुठल्या खर्चाखाली दाखवायची ते ठरलं नाही, म्हणून ती तिथेच राहिली. मुलं तिच्यावर हेल्मेट ठेवतात. कार्यालयात उभ्या असलेल्या माणसाला ती दिसत नाही, मध्ये शेडची भिंत येते.

मी म्हटलं, "मेस्त, बसा. चहा घ्या. मी बघतो."

इथे थोडं मागे जायला हवं, नाहीतर हा घोटाळा कळणार नाही.

पोर्तुगीजांच्या काळात पणजीत वैद्यकीचं शिक्षण १८४२ पासून होतं, पण लेथवर काम करणारा किंवा पूल बांधणारा गोवेकर तयार करायची घाई कुणाला नव्हती. मुक्तीनंतर ती एकदम झाली. १९६२ मध्ये पणजीत सरकारी तंत्रनिकेतन, १९६७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय. ते पुढे फर्मागुढीच्या पठारावर गेलं आणि कितीतरी वर्षं मुंबई विद्यापीठाचंच राहिलं, कारण गोवा विद्यापीठ निघालं १९८५ मध्ये. त्याच फर्मागुढीला नंतर एनआयटी आणि आयटीआयशी नाव जुळणारी पण नशीब न जुळणारी आयआयटी, दोघी पाहुण्या म्हणून येऊन राहिल्या, एक २०१० मध्ये आणि दुसरी २०१६ मध्ये. ही मोठ्या संस्थांची कथा सगळ्यांना ठाऊक. आमच्यासारख्यांची कुणी लिहीत नाही. खाणींना, मांडवी-जुवारीतून खनिज मुरगावला नेणाऱ्या बार्जींना आणि त्यांच्या दुरुस्तीच्या यार्डांना फिटर-वेल्डर हवे होते, म्हणून चिऱ्याच्या भिंती नि मंगळुरी कौलांच्या एका शेडमध्ये आमची उद्योगशाळा सुरू झाली. गावातले म्हातारे अजून 'टेक्निकल' म्हणतात. पुढे पदविका आली, दोन मजली इमारत आली, फाटक वर्कशॉपच्या बाजूचं बंद होऊन हमरस्त्याकडे उघडलं. मग कारागीर प्रशिक्षणाचं खातं आणि तंत्रशिक्षणाचं खातं असे दोन संसार झाले. उद्योगशाळेचे ट्रेड तिकडे गेले, यंत्रं आणि जागा इकडे राहिली. कागदांचं काय, हे वाटणीच्या आदेशात लिहायचं राहिलं. तिकडच्यांना वाटलं इकडे आहेत, इकडच्यांना वाटलं नेले. नाव तर तीनदा बदललं. दर वेळी नवा शिक्का, नवं लेटरहेड आणि जुन्या लेटरहेडच्या पाठीवर वर्षभर कच्चं लिखाण.

लेक्चरर आणि इन्स्ट्रक्टर यांचे चहाचे टेबल वेगळे झाले तेही याच ओघात. असो.

मी खोली उघडली. छत एका बाजूनं गळत होतं, खाली लावलेला रंगाचा डबा भरून वाहत होता. जुन्या परीक्षांचे गठ्ठे, त्यामागे तुटकी खुर्ची, त्यामागे लाकडी पेटी. पेटीवर मी स्वतः कितीदा तरी चढून ट्यूबलाइट बदलली आहे, उघडली कधीच नव्हती. आत वरचे दोन जाड बांधे वाळवीनं भाजलेल्या पापडासारखे केले होते. हात लावला की चुरा. हजेरीपटच असावेत ते. जनरल रजिस्टर नव्हतंच. खाली मात्र कापडी बांधणीच्या दोन वह्या होत्या, त्यांना कसर लागली होती पण अक्षर वाचता येत होतं.

पहिली डेड स्टॉक रजिस्टर. नाव ऐकून मेलेल्यांची यादी वाटते, असते ती टिकाऊ सामानाची. तारीख, वस्तू, नग, दर, आणि वस्तू मोडीत काढली की लाल शाईनं आदेश क्रमांक. पहिल्या पानावर ऐरण १, भाता १, बेंच व्हाइस १२, सुतारकामाची बाकं, हातोडे. चौथ्या-पाचव्या पानावर लेथ येतो. मग ड्रिलिंग मशीन, पॉवर हॅकसॉ. मग अक्षर बदलतं, शाई निळी होते आणि ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, थिओडोलाइट सुरू होतात, म्हणजे पदविका आली. यानंतरची रजिस्टरं माझ्या कपाटात आहेतच. त्यात संगणक, त्यांच्यासाठी एसी, आणि गालिचा. तेव्हा संगणकाच्या खोलीत चपला काढून जावं लागे, देवळात जातो तसं. त्या संगणकांवर लाल शाई केव्हाच चढली. पहिल्या पानावरच्या बारा व्हाइसपैकी नऊवर अजून नाही. ते नऊ आजही वर्कशॉपात आहेत, मीच दर मार्चला मोजतो. मोजतो आणि कधी विचार केला नाही की हे आले कुठून.

म्हणजे शाळा आमचीच, हे सिद्ध झालं. पण व्हाइसवरून माणूस सिद्ध होत नाही.

दुसरी वही टूल इश्यूची. पोरगा दाखल झाला की त्याला हत्यारं मिळायची : हातोडा, छिन्नी, सेंटर पंच, गुण्या, कॅलिपर, स्टील रूल, दोन-तीन जातींच्या कानशी. समोर रोल नंबर, सही. दोन वर्षांनी सगळं परत केलं की 'ना-देय' आणि त्याशिवाय दाखला हातात पडायचा नाही. हे मला माहीत होतं, कारण ती पद्धत आम्ही आजही पाळतो. मी दाखल्यावरच्या रोल नंबरवरून पानं उलटत गेलो. फिटर, १९७६ ची बॅच. नाव सापडलं. सही दाखल्याच्या पाठीवरच्या सहीसारखीच, 'र'ला तीच लांब शेपटी. ना-देयची तारीख दाखल्याच्या चार दिवस आधीची. आणि शेऱ्याच्या रकान्यात, इन्स्ट्रक्टरच्या अक्षरात : बारा इंची बास्टर्ड कानस एक नग हरवली, रुपये साडेआठ वसूल.

(बास्टर्ड हा कानशीचा दर्जा आहे, ना फार जाड ना फार बारीक. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे सांगताना दर वर्षी वर्गात खसखस पिकते.)

मी वही घेऊन धावतच बाहेर आलो. "मेस्त, सापडलात! कानस हरवली होती ना तुम्ही?"

मला वाटलं ते हसतील. त्यांचा चेहरा लाल झाला. "फट! हांवें व्हरूंक ना."

"अहो, पण त्या नोंदीमुळेच तर..."

"साडेआठ रुपये म्हणजे किती होते ठाऊक आहे? बापानं नारळ विकून दिले. कानस मी मोजून परत केली होती."

प्राचार्य सर नवीन, वयानं माझ्याहून लहान. फाइल घेऊन गेलो आणि आधी माझी टिप्पणी चुकीची होती हे सांगितलं. त्यांनी डेड स्टॉकची पानं पहिल्यापासून पाहिली. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ पाहिली. मग विचारलं, "अशी पत्रं आधी किती आली असतील?" मी म्हटलं, माझ्या काळात दोन. त्या दोघांना काय उत्तर दिलं होतं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नंतर ती दोन्ही पत्रं शोधून काढली. एकाच्या घरी चिठ्ठी पाठवली, उत्तर त्याच्या मुलानं दिलं.

पत्र तासाभरात टाइप झालं : सदर उद्योगशाळा ही या संस्थेचेच पूर्वरूप, सदर प्रशिक्षणार्थ्यानं फिटर ट्रेड पूर्ण केला, सोबत रजिस्टरच्या पानांच्या साक्षांकित प्रती. शिपाई आवक-जावक नंबर घालायला गेला तेवढ्यात मेस्त वर्कशॉपच्या दारात जाऊन उभे राहिले. पहिल्या वर्षाची बॅच होती, कॉम्प्युटरची. त्यांनाही आठवड्यातून काही तास कानशीला लागतात, आणि ती कामं ते जेवणाच्या ताटातली कारली खावीत तशी करतात. एक मुलगी कानस पुढे-मागे सारख्याच जोरानं घासत होती. मेस्तांना राहवलं नाही. आत गेले, तिच्या मागून हात न लावता नुसता आपल्या मोकळ्या हातांनी हवेत आविर्भाव करून दाखवला : पुढे जाताना दाब, मागे येताना सोड. कानशीचे दात पुढे कापतात, मागे फक्त झिजतात. तिनं दोनदा करून बघितलं. आवाज बदलला. मग मेस्तांनी व्हाइसच्या जबड्याखाली अंगठा फिरवला, काहीतरी शोधल्यासारखा, आणि बाहेर आले. काय शोधत होते ते मी विचारलं नाही.

झेरॉक्स मशीनजवळ ते माझ्या शेजारी उभे होते. पान काचेवर ठेवण्याआधी त्यांनी ते मागितलं आणि चष्मा लावून आपली ओळ वाचली.

"पैसे घेतले, पण पावती दिली नव्हती," ते म्हणाले. आवाजात आता राग नव्हता, चौकशी होती.

मी पाहिलं. रक्कम वसूल आणि इन्स्ट्रक्टरची सही यांच्या मध्ये 'पावती क्र.' असा एक अरुंद रकाना होता. त्यांच्या ओळीत तो कोरा होता. स्टोअरकीपरची सवय, मी आधीचं पान उलटलं, मग पुढचं. त्याच बॅचच्या आणखी चार मुलांच्या कानशी हरवल्या होत्या. चारही बारा इंची. चौघांकडून साडेआठ रुपये वसूल. पावती क्रमांक एकाच्याही पुढे नव्हता.

मी वही त्यांच्याकडे सरकवली. ते एकेका नावावर बोट ठेवून वाचत गेले. हा बोरीचा, हा वारला, हा दुबईला होता, हा माझ्या बाजूच्या बाकावर. वाचून झालं की परत पहिल्यापासून. फाटकाबाहेर त्यांची साडेतीनची कदंब बस हॉर्न वाजवून निघून गेली, तरी त्यांनी मान वर केली नाही.