बीपीच्या गोळ्या, इथेनॉल आणि अकरा आठवडे

एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला विषय घेतला तेव्हा तो सोपा वाटला होता. टेलमिसार्टन 40 आणि ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमची एकत्र गोळी, दोन्ही औषधं एचपीएलसीच्या (द्रवाच्या प्रवाहात घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनच्या) एकाच रनमध्ये मोजायची. अट एकच, त्यात नेहमी वापरतात ते ॲसिटोनायट्राइल वापरायचं नाही. मशीन मिनिटाला 1 मिली वेगाने सहा तास चाललं की 360 मिली द्रव थेट वेस्टच्या कॅनमध्ये जातो, आणि त्यात हे विषारी सॉल्व्हंट असतं. त्याऐवजी इथेनॉल घ्यायचं, उसाच्या मळीपासून बनणारं. गाइड मॅडमना 2008 सालची टंचाई आठवत होती. ॲसिटोनायट्राइल हे ॲक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यातलं जोडउत्पादन. तिकडचं उत्पादन घटलं आणि इकडे लॅबमध्ये बाटली मिळेना. त्यामुळे विषय त्यांनी एका मिनिटात मंजूर केला.

तर, ॲसिटोनायट्राइलची अडीच लिटरची बाटली आजही फोन केला की दोन दिवसांत दारात येते. कोणी विचारत नाही कशाला हवी. इथेनॉल मागितलं की मध्ये 1949 चा दारूबंदी कायदा येतो. शुद्ध अल्कोहोल, म्हणून परवाना.

अर्ज ऑक्टोबरच्या शेवटी परवान्याच्या कार्यालयात दिला. कॉलेजचं पत्र, प्राचार्यांची सही-शिक्का, बाटल्या कुठल्या कपाटात राहणार त्याचा नकाशा, किल्ली कोणाकडे, रोजच्या वापराची नोंदवही कोण लिहिणार. इथवर ठीक. दिवाळीनंतर चौकशीला गेले तर पत्रावर जावक क्रमांक नाही म्हणून त्रुटी. क्रमांक टाकून आणला तर साहेब दौऱ्यावर. पुढच्या खेपेला टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, “ताई, गोळी तपासायला दारू कशाला लागते?” मी कॉलम (घटक वेगळे करणारी नळी), मोबाइल फेज (तिच्यातून वाहणारा द्रव) वगैरे सांगायला लागले. ते ऐकत होते, मग पेनस्टँडमागून स्वतःची स्ट्रिप काढून म्हणाले, “ही का?” टेलमिसार्टन 40. अर्ध्या गोळ्या संपलेल्या. “हीच,” म्हटलं. त्याने फाइल लवकर हलली असं काही नाही, पण त्यानंतर बसायला खुर्ची मिळायला लागली.

खरा घोळ माझ्या हातून झाला. घाईत मी एकूण मागणी 2 लिटर लिहिली होती. फेजमध्ये 40 टक्के इथेनॉल धरलं तर दिवसाला जवळपास 150 मिली लागतं, म्हणजे 2 लिटर दोन आठवडेसुद्धा पुरत नाही, आणि कॉलम धुवायला लागतं ते वेगळंच. हे नोव्हेंबरच्या शेवटी लक्षात आलं. दुरुस्ती मागितली तर मूळ प्रस्ताव परत, नवीन पत्र, नवीन सही, नवीन आवक क्रमांक. बसस्टँडवर येऊन मी अक्षरशः रडले. म्हणून सांगते, आधी कागदावर हिशोब करा आणि मग त्याच्या दुप्पट मागा. आणि त्याच्याही आधी शेजारच्या केमिस्ट्री विभागाकडे परवाना आहे का ते विचारा. आमच्याकडे निघाला नाही, पण मी विचारलं डिसेंबरमध्ये!

या काळात कोणीतरी सुचवलं की डीनेचर्ड स्पिरिट आण, चालवून टाक. आणू नका. त्यात मुद्दाम मिसळलेले पदार्थ असतात, बेसलाइनचा, म्हणजे आलेखाच्या मूळ रेषेचा, भरवसा राहत नाही.

परवाना जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हातात पडला. अकरा आठवडे. पहिली बाटली उघडली तेव्हा लॅबमधल्या मुलांनी जे विनोद करायचे ते केले.

पुढचं काम खरं तर अवघड, पण मला ते सुटी लागल्यासारखं वाटलं. इथेनॉल-पाण्याचं मिश्रण दाट होतं, 250 मिलिमीटरच्या कॉलमवर प्रेशर भराभर चढलं. 150 चा कॉलम लावला, ओव्हन 45 अंशांवर ठेवला, प्रश्न मिटला. औषध किती प्रकाश शोषतं त्यावरून मशीन ते मोजतं, आणि इथेनॉल 210 नॅनोमीटरच्या खाली स्वतःच प्रकाश शोषतं म्हणून काही जण नाक मुरडतात. आम्ही 237 वर मोजत होतो, काही अडलं नाही. ॲम्लोडिपिनचं पीक (आलेखावरचं टोक) सुरुवातीला शेपूट काढत होतं, पीएच खाली आणल्यावर सरळ झालं. हे औषध उजेडात खराब होतं, तेव्हा स्टँडर्ड (तुलनेसाठी बनवलेलं द्रावण) तपकिरी फ्लास्कमध्येच ठेवा. मी एकदा साध्या फ्लास्कमध्ये खिडकीपाशी ठेवलं आणि दुसऱ्या दिवशीची रिकव्हरी (घातलेल्यापैकी किती औषध सापडलं ते) बघून स्वतःलाच शिव्या दिल्या. फॉस्फेट बफर असेल तर संध्याकाळी आधी नुसत्या पाण्याने धुवा, मगच इथेनॉल वाढवा, नाहीतर क्षार पंपात बसतात.

शेवटी पद्धत किती हिरवी, म्हणजे पर्यावरणपूरक, ते अ‍ॅग्री नावाच्या सॉफ्टवेअरवर काढलं. बारा निकष, गोल घड्याळासारखं चित्र, मधे 0 ते 1 मधला आकडा. आमचा आकडा बऱ्यापैकी आला, मॅडम खूश. त्या बारांत वेस्ट आहे, वीज आहे, काम करणाऱ्याची सुरक्षितता आहे. कार्यालयाच्या नऊ फेऱ्यांचं पेट्रोल कुठेच बसत नाही.

परवान्याची मुदत 31 मार्चला संपत होती. माझं काम 24 तारखेला आटोपलं. नूतनीकरणाची फाइल आता ज्युनिअरच्या हातात दिली आहे, जावक क्रमांक टाकून.